'रजा': नववीच्या वर्गाची पंचेचाळीस सेकंदांची मालिका

गेल्या अंकातला मुलांच्या हस्ताक्षरावरचा लेख वाचून एका वाचक भगिनीने फोन केला. म्हणाल्या, "तुमच्या वर्गातली मुलं निदान लिहितात तरी. आमची तर जेवतानाही मोबाइल आणि टीव्ही. त्याचं काय करता ते लिहा." या खेपेला तेच लिहितो. उपाय सांगत नाही, कारण आमच्याकडे तो नाही. वर्गात काय घडलं आणि त्यात आमच्या हातून काय चुकलं, एवढंच सांगतो.

आम्ही खाडीकाठच्या एका गावात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. उर्दू आणि मराठी, दोन्ही विषय आमच्याकडेच. घरात कोकणी, वर्गात उर्दू, एस.टी. स्टँडवर आणि तलाठ्याकडे मराठी अशी आमच्या मुलांची दिवसभर ये-जा चालू असते. मराठीच्या उपयोजित लेखनात जाहिरात लेखन असतं. दरवर्षी मुलं छत्र्यांचा सेल नाही तर शिकवणी वर्गाची जाहिरात लिहितात, चौकट आखतात, खाली 'त्वरा करा' घालतात आणि पाचपैकी चार गुण घेऊन मोकळी होतात. यंदा आम्ही सहज विचारलं, "हात थांबवून तुम्ही शेवटची कुठली जाहिरात पाहिलीत?" छत्री कोणी म्हणालं नाही. सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "टीचर, सिरियलचा प्रोमो!"

मग प्रोमोच करायचा ठरला. नवी मालिका स्वतः रचायची, मालिका करायची नाही, फक्त तिचा ट्रेलर. जास्तीत जास्त पंचेचाळीस सेकंद. सोबत एक पोस्टर. आणि सगळं झाल्यावर आपल्याच कामाचं लेखी मूल्यमापन.

ही कल्पना आमच्या डोक्यातली नव्हे. आमची एक मावसबहीण इंग्लंडमध्ये असते. काही वर्षांपूर्वी तिची मुलगी ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या बारावीच्या वयात, मीडिया स्टडीज शिकत होती. त्या वेळी तिथल्या ओसीआर या परीक्षा मंडळाच्या प्रकल्पात एक पर्याय असा होता: नव्या सोप ऑपेराचा ट्रेलर तयार करा, त्याला जोडून पोस्टर, मासिकाचं मुखपृष्ठ किंवा वेबसाइटचं पान अशा दोन गोष्टी करा आणि शेवटी चार प्रश्नांची उत्तरं द्या. शंभरपैकी वीस गुण अभ्यास आणि तयारीला, साठ प्रत्यक्ष कामाला, वीस मूल्यमापनाला. चार प्रश्न असे: खऱ्या ट्रेलरची कोणती रीत तुम्ही पाळली, कोणती मोडली? ट्रेलर आणि बाकीच्या वस्तू एकमेकींना शोभतात का? बघणाऱ्यांनी जे सांगितलं त्यातून काय शिकलात? साधनं कशी वापरलीत? प्रश्न वाचून आम्हाला आमच्या बीएडची आठवण झाली. पाठ घेतल्यावर स्वतःच स्वतःचं परीक्षण लिहायचं असे, आणि आम्ही सगळे 'पाठ उत्तम झाला, वेळ थोडा कमी पडला' एवढंच लिहीत असू.

मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, पण अटींवर. मोबाइल शाळेत शनिवारीच येईल, शिक्षकांच्या ताब्यात राहील आणि कोणतंही चित्रण नेटवर चढणार नाही. ही शेवटची अट आम्हीच घातली असती. घरोघर चिठ्ठी दिली. तीन मुलींच्या घरून उत्तर आलं, काम करू दे, चेहरा दिसायला नको. एका मुलाच्या दादीने कळवलं, गाणंबजावणं नको. आम्ही म्हटलं, ठीक. चेहरा नाही आणि संगीत नाही, यातही काय काय करता येतं ते पुढे कळलंच.

वर्गाचे पाच गट केले. मुलांचे तीन, मुलींचे दोन. सगळ्यांची हकीकत सांगायला बसलो तर अंक पुरणार नाही. मुलींच्या एका गटाचीच सांगतो.

पहिल्या शनिवारी हा गट धावतच आला. ट्रेलर तयार! एका मिनिटाहून लांब. आम्ही पाहिला. एक सासू, अंगावर आईच्या लग्नातला शरारा. एक सून. सासू वळते, तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा धडक मारतो, मागे वीज कडाडते. जिन्यावरून ताट पडतं. मग ओढणीने डोकं झाकलेली आणि काजळाने मिशी काढलेली एक मुलगी, म्हणजे नवरा, हात उंच करून ओरडते, "तलाक! तलाक! तलाक!" काळोख. पडद्यावर नाव. आठवड्याला महाएपिसोड.

वर्ग हसून लोळला. आम्हीही हसलो. मग विचारलं, "तलाक कशाला घातलात?"

उत्तर तयार होतं. "टीचर, मुस्लिम घराची सिरियल आहे ना. मग तलाक पाहिजेच."

आता या पोरींना दोष कसा देणार? सोनीवर 1998 मध्ये 'हिना' आली, झी टीव्हीवर 2012 मध्ये 'कुबूल है' आली. त्यांतल्या बऱ्यावाईटाबद्दल घराघरात मतं आहेत. पण एकूण पडद्यावर आपलं घर किती वेळा दिसतं? आणि दिसतं तेव्हा झुंबर, शेरवानी, बिर्याणी, आदाब आणि तीन शब्द. एका दमातला तलाक सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये रद्द ठरवला, 2019 मध्ये कायदाही झाला. पटकथा लिहिणाऱ्यांपर्यंत बातमी जायला वेळ लागत असावा. आमच्या वर्गातल्या एकाही घरात झुंबर नाही. कौलं आहेत, काहींच्या स्लॅबवर पावसाळ्यात ताडपत्री आहे.

इथे आमची चूक झाली. शिक्षकी उत्साहात आम्ही फळ्याकडे वळलो आणि म्हटलं, "चला, मोजूया. तुमच्या मोहल्ल्यात घरं किती?" मुलींनी बोटांवर मोजून चौसष्ट सांगितली. आम्ही फळ्यावर लिहिलं. "आता सांगा, त्यात तलाक किती झाले?" आम्हाला दाखवायचं होतं की आकडा किती लहान आहे. कोणीतरी हळूच म्हणालं, "एक." आणि पाच-सहा माना खिडकीजवळच्या बाकाकडे वळल्या.

त्या बाकावरची मुलगी वहीत रेघा मारत होती. मान वर केली नाही.

तिच्या घरची गोष्ट आम्हाला माहीत नव्हती असं नाही. तिसरीत असताना ती अम्मीबरोबर आजोळी राहायला आली, दाखल्यावर सगळं आहे. त्या क्षणी आठवलं नाही, एवढंच. वीस वर्षं शिकवून जी गोष्ट सर्वांत आधी आठवायला हवी ती सर्वांत शेवटी आठवली. आम्ही फळा पुसला, घाईने विषय बदलला आणि ती घाईही सगळ्यांना दिसली. (हे लिहिण्यापूर्वी तिला आणि तिच्या अम्मीला विचारलं आहे. दोघींनी हो म्हटलं. तरी ओळख पटेल असं इथे काही ठेवलेलं नाही.)

पुढच्या तासाला आम्ही मालिकांचा थोडा इतिहास सांगितला. 'सोप ऑपेरा' हे नाव कसं पडलं? 1930 च्या दशकात अमेरिकेत दुपारच्या वेळी, घरकाम करणाऱ्या बायकांसाठी, रेडिओवर रोजच्या मालिका लागत. खर्च करत साबण विकणाऱ्या कंपन्या, प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या. म्हणून साबणाची नाटकं. एक मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे मालिका हीच जाहिरात. मग आमचा प्रोमो म्हणजे जाहिरातीची जाहिरात!" आम्ही त्याला शाबासकी दिली. अजूनही वाटतं की त्या दिवशीचं सर्वांत चांगलं वाक्य त्याचंच होतं.

मग इंग्लंडच्या मालिकांबद्दल सांगितलं. 'कोरोनेशन स्ट्रीट' 9 डिसेंबर 1960 ला सुरू झाली आणि अजून चालू आहे. 'ईस्टएंडर्स' 19 फेब्रुवारी 1985 पासून. पहिलीचं नावच एका गल्लीचं. दुसरी लंडनमधल्या एका चौकातली. महाल नाही, उद्योगपती नाही. बाजारात गाडी लावणारे, कपडे धुऊन देणारे, दुकानात उभे राहणारे लोक. 'ईस्टएंडर्स'मध्ये 2007 पासून बरीच वर्षं मसूद नावाचं एक पाकिस्तानी वंशाचं कुटुंब होतं, आणि त्यातला घरचा कर्ता पोस्टमन होता. हे ऐकून मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. "पोस्टमन? फक्त पोस्टमन?" हो, फक्त पोस्टमन. टपाल वाटतो, बायकोशी भांडतो, मुलांची काळजी करतो.

आणि आपली 'हम लोग'. 7 जुलै 1984 ला दूरदर्शनवर पहिला भाग लागला. लेखक मनोहर श्याम जोशी. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द बोलत. ती आमच्या लहानपणी लागायची, एका घरात टीव्ही आणि दारापर्यंत चपला. तिच्यामागची कल्पना मेक्सिकोहून आली. तिथे मिगेल साबिदो नावाच्या निर्मात्याने 1970 च्या दशकात लोकशिक्षणासाठी मालिका केल्या होत्या. त्याच धर्तीवर 'हम लोग'मधून कुटुंबनियोजन शिकवायचं होतं. सुरुवातीचे भाग उपदेशाने जड झाले, लोक कंटाळले. मग उपदेश पातळ करून घरातले ताणेबाणे पुढे आणले आणि मालिका चालली. प्रेक्षकांची पत्रं लाखांनी आली. पण वर्गाला आम्ही जे मुद्दाम सांगितलं ते वेगळं. त्यात भागवंती नावाची आई होती. सगळं सोसणारी, कधी तोंड वर न करणारी. करणाऱ्यांना वाटत होतं, तिला बघून बायका म्हणतील असं जगू नये. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा बऱ्याच जणांनी भागवंतीलाच आदर्श म्हणून निवडलेलं निघालं. करणाऱ्याने एक म्हटलं आणि बघणाऱ्याने दुसरंच घेतलं. "म्हणून तुमचा ट्रेलर झाला की लोकांना विचारायचं," आम्ही म्हणालो. आपल्यालाच हे इतक्या लवकर दिसेल असं वाटलं नव्हतं.

आठ दिवसांनी मुलींनी नवी गोष्ट आणली. नाव 'रजा'. आमच्या गावात दर दोन-तीन घरांमागे एक माणूस आखातात. कुवेत, कतार, सौदी. दीड-दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवसांच्या रजेवर येतो. मालिका अशाच एका घराची, आणि ट्रेलर रजेच्या आदल्या दिवसांचा.

नावावर वर्गात चांगला अर्धा तास वाद झाला. मराठीत रजा म्हणजे सुट्टी. उर्दूत तोच शब्द, ज्वाद घालून लिहिलेला, म्हणजे मर्जी, संमती. मूळ एकच, मराठीने त्यातून परवानगी घेतली, परवानगीतून सुट्टी. एक मुलगी म्हणाली, पोस्टरवर दोन्ही लिप्यांत लिहूया. मराठीत वाचेल त्याला सुट्टी कळेल, उर्दूत वाचेल तो विचारेल, कोणाची मर्जी? पंधरा वर्षं दोन्ही भाषा शेजारी शेजारी शिकवताना हे आम्ही स्वतःहून कधी सांगितलं नव्हतं.

ट्रेलर असा. कॅलेंडरवर लाल गोल करणारा हात. बँकेच्या रांगेत टोकन घेतलेली अम्मी, पाठमोरी. शिडीवर चढून कौलं सारखी करणारे तिचेच पाय. कुकरच्या शिट्ट्या. अडकलेला व्हिडिओ कॉल आणि "अब्बा, आवाज येतोय का?" नायलॉनच्या दोरीने बांधलेला मोठा खोका, त्यावर मार्करने नाव आणि गाव. खोक्याशेजारी पुरुषाच्या चपला. अम्मीच्या ओढणीमागे लपलेला लहान भाऊ विचारतो, "हे कोण?" काळोख. एक आवाज, "पंचेचाळीस दिवस." थांबून, "मग?" पडद्यावर 'रजा'. सोमवार ते शुक्रवार, रात्री आठ.

ज्या तीन मुलींचे चेहरे दाखवायचे नव्हते त्यांतल्या दोघी याच गटात होत्या, म्हणून हात, पाय आणि पाठ. संगीत नाही म्हणून शिट्ट्या, शिडीची करकर, दोरी ओढल्याचा आवाज. आधीच्या ट्रेलरला त्यांनी एका गाजलेल्या ड्रामाचं शीर्षकगीत लावलं होतं. ते दुसऱ्याचं आहे, विचारल्याशिवाय घेता येत नाही, हे आम्हाला समजावून सांगावं लागणार होतं; दादीच्या चिठ्ठीने ते काम आधीच केलं.

आवाजाचं काम खिडकीजवळच्या मुलीने केलं. खाडीवरचा वारा मोबाइलच्या माइकमध्ये असा घुसतो की माणसाचं बोलणं बुडून जातं. तिने चित्र एका मोबाइलवर घेऊ दिलं आणि आवाज दुसऱ्या मोबाइलवर, घरात, दारंखिडक्या लावून, डोक्यावरून गोधडी घेऊन वेगळा घेतला. सुरुवातीला एक टाळी वाजवायची आणि नंतर चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवायची, ही युक्ती तिने कुठे पाहिली कोण जाणे. कुकरची शिट्टी तिने चार घरांतल्या चार कुकरांची घेतली आणि त्यातली तिसरी ठेवली. आम्हाला चारही सारख्याच वाटल्या.

एका शनिवारी दुपारी आयांना बोलावलं. एकवीस जणी आल्या, दोन दादी, एक मामू. पाचही ट्रेलर दाखवले. मुलांच्या एका गटाने मासेमारीच्या होडीवरचा भुताचा ट्रेलर केला होता, त्याला सर्वांत जास्त टाळ्या मिळाल्या, आणि त्या योग्यच होत्या. भूत खरंच चांगलं होतं. 'रजा' संपल्यावर मात्र थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मुलींनी वही उघडून विचारलं, काय वाटलं?

मुलींना काय ऐकायचं होतं ते आम्हाला माहीत होतं. अम्मी एकटी सगळं ओढते, हे लोकांना दिसावं. एक बाई म्हणाल्या, "किती सब्रवाली आहे. अशीच बाई पाहिजे." दुसरी म्हणाली, "नशीबवान आहे, नवरा दर महिन्याला पैसे पाठवतो, खोका भरून आणतो. माझा तर इथेच असून नसल्यासारखा." सगळ्या हसल्या. तिसरीने एवढंच विचारलं, "ती कौलावर चढली तेव्हा शिडी कोणी धरली होती?" मुली गोंधळल्या. शिडी त्यांच्यापैकीच एकीने धरली होती, कॅमेऱ्याच्या बाहेरून.

त्या गेल्यावर गटप्रमुख मुलगी रडवेली झाली. "टीचर, त्यांना काही कळलंच नाही. आम्ही दाखवलं काय, त्या बघतात काय." आम्ही तिला भागवंतीची आठवण करून दिली. तिला ती आठवण अजिबात आवडली नाही.

एका मुलीने ट्रेलर अब्बांना कुवेतला पाठवला. नेटवर चढवायचा नाही हा नियम मोडला की नाही यावर आमचं आणि मुख्याध्यापकांचं अजून एकमत नाही. रात्री अब्बांचा आवाजी निरोप आला. तो तिने वर्गात ऐकवला. त्यात रागावणं नव्हतं. "बेटा, छान केलंय. पण मी खोका आहे का? माझा चेहरा का नाही?" खरी गोष्ट अशी की त्यांना चेहरा देणारा मोठा पुरुष मिळालाच नव्हता, दोन मामूंनी नाही म्हटलं, आमच्या शिपाईमामांना लाज वाटली. म्हणून चपला. पण त्या माणसाला हे कसं कळणार? त्याने जे पडद्यावर होतं ते वाचलं. मुलीने मूल्यमापनाच्या तिसऱ्या प्रश्नाखाली लिहिलं: 'आम्हाला माणूस मिळाला नाही म्हणून अब्बा दिसत नाहीत. पण अब्बांना वाटलं, आम्हाला ते नकोत. पुढच्या वेळी आवाज तरी अब्बांचाच घेऊ. ते फोनवर देऊ शकतात.' या उत्तराला आम्ही वीसपैकी एकोणीस दिले. एक का कापला ते आता आठवत नाही, सवयीने कापला असेल.

आता गुणांची गोष्ट. गटातल्या मुलींनी एकमेकींना गुण द्यायचे, असं आम्ही ठरवलं होतं. बंद पाकिटातले कागद उघडले. अम्मी झालेल्या मुलीला सर्वांनी वीसपैकी वीस. आवाजवालीला अकरा, बारा, एकीने नऊ. कारणाच्या रकान्यात 'ती दिसत नाही' आणि 'ती घरीच बसून काम करत होती'. आम्ही काही बोललो नाही. ट्रेलर पुन्हा लावला, आवाज बंद करून. वर्गातल्या दुसऱ्या गटांना विचारलं, काय गोष्ट आहे? कोणी म्हणालं बँकेची जाहिरात, कोणी म्हणालं घर बदलतायत. मग पडद्यावर शाल टाकली आणि फक्त आवाज लावला. शिडी, शिट्टी, दोरी, "अब्बा, आवाज येतोय का?", "हे कोण?", "पंचेचाळीस दिवस." "मग?" गोष्ट सगळ्यांना कळली. मुलींनी आपापले कागद परत मागितले. आम्ही म्हटलं, जुना आकडा खोडू नका, शेजारी नवा लिहा.

घरी हा प्रयोग करून बघावा असं वाचकांना वाटलं तर एवढंच करा: रात्री मालिका चालू असताना दोन मिनिटं आवाज बंद करा आणि मुलांना विचारा काय चाललंय. मग दोन मिनिटं पाठ फिरवून बसवा. वीज कधी कडाडते आणि का कडाडते हे त्यांच्या लक्षात आलं की ती स्वतःच मोजायला लागतात. आमच्या वर्गाने एका अर्ध्या तासाच्या भागात चेहऱ्यावरच्या धडका मोजून आणल्या. आकडा सांगत नाही, प्रत्येकाचा वेगळा होता आणि त्यावर भांडण झालं.

मूल्यमापनाच्या वह्या आम्ही घरी आणल्या. खिडकीजवळच्या मुलीची वही शेवटी ठेवली होती, मुद्दाम. पहिल्या प्रश्नाखाली, टीव्हीची कोणती रीत पाळली आणि कोणती मोडली, तिने उर्दूत लिहिलं होतं. त्याचं मराठी असं: 'आमच्या पहिल्या प्रोमोत तलाक होता. तो टीव्हीवरच्यासारखा होता, म्हणून सगळे हसले. आमच्या घरी कोणी ओरडलं नव्हतं. टपालाने कागद आला. अम्मी तांदूळ निवडत होती. तिने वाचला, घडी केली, डब्याखाली ठेवला आणि तांदूळ निवडून संपवले. मला वाटलं होतं, दुसऱ्या प्रोमोत हे घालूया. पण मी कोणाला सांगितलं नाही, कारण याचा आवाज कसा घ्यायचा ते मला कळलं नाही.'

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही तिला थांबवलं आणि फळ्यावरच्या त्या आकड्याबद्दल माफी मागितली. तिने मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, ते कळलं नाही. जाता जाता दारात थांबली आणि म्हणाली, "टीचर, मी काल करून बघितलं. ताटात तांदूळ घेतले तर आवाज येतो. पण अम्मीने सुपात घेतले होते. सुपात येत नाही."

वार्षिक परीक्षेनंतर हा गट पुन्हा बसणार आहे. तिसरा ट्रेलर करायचा म्हणतात. कुवेतच्या अब्बांनी आवाज द्यायचं कबूल केलं आहे, आणि सूप कोणाच्या घरी आहे याची चौकशी चालू आहे.